बत्तीस नंबरच्या सूटमधले पाणी

१

फ्राउ वाल्टनर यांचा तामड्याच्या खड्यांचा ब्रोच गुरुवारी सकाळी पावणेदहा ते दुपारी एकच्या दरम्यान नाहीसा झाला, आणि तो सेन्काने घेतला हे होटेल लोव्होरमध्ये सव्वा वाजता ठरूनही गेले. मधल्या वेळात कोणी कोणाला काही विचारले नाही. एकतीस नंबरच्या सूटच्या कुलपाने सांगितले तेवढे सगळ्यांना पुरले.

कुलपाची नोंद मॅनेजर मारिन झुवेला यांच्या टेबलावर छापून ठेवलेली होती. साडेआठ वाजता वेटर दुये, नाश्त्याचा ट्रे घेऊन. दहा वाजून बारा मिनिटांनी सेन्का, साफसफाईला. एक वाजून पाच मिनिटांनी स्वतः फ्राउ वाल्टनर. मध्ये कोणाचेही कार्ड नाही.

नोंदीच्या शेजारी दुसरा कागद होता. 'मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.' खाली सहीसाठी रेघ.

"सही करणार नाही," सेन्का म्हणाली. ती उभीच होती. तिला कोणी बसायला सांगितले नव्हते.

"सेन्का, समजून घे. फ्राउ वाल्टनरना पोलीस नकोत, मलाही नकोत. तू सही कर, ब्रोच कुठेतरी सापडेल, कोणाच्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

"कुठेतरी म्हणजे कुठे? मी घेतलाच नाही, तर मी कुठून सापडवू?"

हाउसकीपिंगची प्रमुख ल्येर्का ब्रायकोविच दारापाशी उभी होती. तिने नोंद उचलून वाचली, पुन्हा वाचली. "साहेब, अकरा वर्षं ही बाई माझ्या हाताखाली आहे. पाहुण्यांच्या उशीखालच्या अंगठ्या हिने मला आणून दिल्यात."

"ल्येर्का, मला खोल्यांबद्दल शिकवू नकोस. ईलोविक बेटावर आईचं पाहुण्यांचं घर होतं, सात खोल्या. मी सात वर्षांचा असल्यापासून चादरी बदलतोय. ऑक्टोबरात घर बंद करायचं काम माझ्याकडे असायचं. सफाईवाली बाई काय करू शकते ते मला ठाऊक आहे." त्यांनी खिडकीकडे पाहिले. बाहेर तीन दिवसांपासून दक्षिणेचा यूगो वारा वाहत होता आणि शिशासारखा समुद्र पायऱ्यांपर्यंत चढला होता. "चार वाजता फ्राउ वाल्टनर कॉफीला खाली येतील. तोपर्यंत सही हवी. नाहीतर कामावरून काढल्याचं पत्र मी देतो, आणि त्यात कारण लिहितो. मग रियेकापासून पुला शहरापर्यंत कोण तुला दारात उभं करतं ते बघू."

"म्हणजे चार वाजेपर्यंत वेळ आहे," ल्येर्का म्हणाली.

"कशाला?"

"विचारायला. अजून कोणी काही विचारलेलंच नाहीये ना."

२

तळघरात, इस्त्री केलेल्या चादरींच्या खोलीत, सेन्का पहिल्यांदा खाली बसली. पण रडली नाही. ल्येर्काला ते बरे वाटले. रडणाऱ्या माणसाकडून तपशील नीट मिळत नाहीत.

ल्येर्का रसायनशास्त्र शिकली होती. रियेकाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने चौदा वर्षे पाण्याचे नमुने तपासले. कारखाना बंद पडल्यावर ती इथे आली. इथे हाताखालचे सगळे तिला 'शेफित्सा', म्हणजे साहेबीण, म्हणत. माणसे खोटे बोलतात याचे तिला विशेष वाटत नसे. पाणी खोटे बोलत नाही, एवढेच तिचे म्हणणे असे.

"आत शिरलीस तिथपासून सांग. काही गाळू नकोस."

"दहा बाराला आत गेले. पडदे, खिडकी पाच मिनिटं. पलंग. मग न्हाणीघर. धूळ, आणि शेवटी फरशी. दहा पन्नासला बाहेर."

"ड्रॉवर?"

"पाहुण्यांच्या ड्रॉवरला मी हात लावते का कधी?"

"आतल्या दाराला? बत्तीसमध्ये जाणाऱ्या?"

"ओलं फडकं फिरवलं. खिट्टीला नाही, ती पितळेची आहे, डाग पडतात."

"ट्रे?"

"बाहेर बोळात ठेवला, दाराजवळ. टोस्ट अर्धा खाल्लेला, कॉफी संपवलेली, जॅमला हात नाही. तेलाची कुपी भरलेलीच. बाईंचं पित्ताशय काढलंय, तेल चालत नाही. तरी दुये रोज ठेवतो. म्हणतो, ऑलिव्हचं तेल औषध आहे."

"खोलीला वास कसला होता निघताना?"

"वास?" सेन्का गोंधळली. "साबणाचा. कसला असणार?"

ल्येर्काने मान हलवली. मग आवाज खाली आणून विचारले, "यादी कुठे आहे?"

सेन्काने छातीवर हात ठेवला. एप्रनच्या आत, ब्लाऊजमध्ये कागदाची घडी होती. झुवेला आल्यापासून प्रत्येक बाईला दिवसाला बाराऐवजी सतरा खोल्या कराव्या लागत होत्या. ते थांबावे म्हणून अठ्ठावीस जणींनी त्या कागदावर सह्या केल्या होत्या आणि सोमवारी सेन्का त्यांची प्रतिनिधी म्हणून निवडून यायची होती. तिच्याविरुद्ध कोणी उभे नव्हते.

"राजीनामा दिला की उभं राहता येत नाही," सेन्का म्हणाली. "चोर म्हणून काढलं तर त्याहून नाही. आणि बिहाचला आई आहे माझी, शेफित्सा. तिला फोनवर काय सांगू, मला सतरा खोल्या जड झाल्या म्हणून मी ब्रोच उचलला?"

"काही सांगायचं नाही अजून. सही मात्र करू नकोस. कोणी कितीही गोड बोललं तरी."

"शेफित्सा, मी भूक लागली म्हणून कधी सही केली नाही. गोडानं काय करणार?"

३

फ्राउ वाल्टनर दर नोव्हेंबरात ग्राझहून येत आणि दोन आठवडे एकतीस नंबरमध्ये राहत. वय एक्क्याऐंशी, पाठ ताठ, आवाज मोठा. सोबत या वेळी भाचा लोरेन्झ होता, चाळिशीचा, रुमालाने नाक पुसत बसलेला.

"ब्रोच माझ्या आईचा होता," त्या म्हणाल्या. "ड्रॉवरमध्ये, मोज्यांखाली. काल संध्याकाळी मी तो मॅनेजरला दाखवला. त्याने फार कौतुक केलं. आज बाहेरून आले तर मोजे आहेत, ब्रोच नाही."

"सकाळी कुठे होता तुम्ही दोघं?"

"व्होलोस्कोला. किनाऱ्याच्या वाटेने चालत गेलो, परत येताना लाटांनी भिजलो. लोरेन्झने एक मिनिटही मला सोडलं नाही, दुर्दैवाने."

"आत्या, मी तुझा हात धरला नसता तर तू समुद्रात असतीस," लोरेन्झ म्हणाला.

"आणि तू मृत्युपत्रासाठी माझ्या वकिलाकडे." त्या ल्येर्काकडे वळल्या. "आणि सांगायचं राहिलं. तुमच्या त्या बाईने न्हाणीघर धड धुतलंच नव्हतं. एक वाजता आत आले तर गटाराचा वास. तिसऱ्या मजल्यावर, या दरात, गटाराचा वास!"

ल्येर्का जागीच थांबली. "आत्ता येतोय?"

फ्राउ वाल्टनरनी हवा हुंगली. "नाही. खिडकी उघडल्यावर गेला."

ल्येर्का न्हाणीघरात गेली, गुडघ्यांवर बसली, फरशीवरच्या जाळीशी नाक नेले. साबण. जाळीखालच्या वाकड्या नळीत पाणी काठोकाठ भरलेले होते, आणि त्या पाण्यापलीकडून वास येऊ शकत नाही. म्हणजे वास इथला नव्हता. तो बाहेरून आला होता आणि दहा पन्नासनंतर आला होता.

ती बाहेर आली. भिंतीत, पलंगाच्या पलीकडे, बत्तीस नंबरला जोडणारे दार होते. खरे तर दोन दारे, पाठीला पाठ लावून. प्रत्येकाची खिट्टी आपापल्या बाजूला.

"हे दार तुम्ही उघडता का कधी?"

"मी? रविवारी आल्या आल्या आधी त्याची खिट्टी लावली. तीस वर्षांची सवय आहे. शेजारी कोण असेल काय सांगावं. आणि मॅनेजर तर माझ्याहून काळजीवाला. काल फुलं घेऊन आला तेव्हा त्याने स्वतः जाऊन पुन्हा खिट्टी फिरवून पाहिली. कट् असा आवाज आला तेव्हा म्हणाला, 'आता निश्चिंत झोपा.'"

"आवाज आला?"

"मी बहिरी नाही."

ल्येर्काने दाराच्या मुठीला बोट लावून हलकेच ओढले. दार उघडले. लावलेलेच नव्हते.

४

लावलेली खिट्टी पुन्हा फिरवली तर ती लागत नाही, उघडते. एवढी साधी गोष्ट. पण मॅनेजर, पाहुणी आणि कुलूप एका बाजूला असताना साध्या गोष्टीला कोणी विचारत नाही, हेही ल्येर्काला ठाऊक होते. तिला पलीकडची बाजू पाहायची होती.

बत्तीस नंबर तीन आठवडे बंद होता. भिंतींना नवा रंग दिला होता, तो वाळावा म्हणून हिटर रात्रंदिवस चालू. इलेक्ट्रॉनिक कुलूप काढून ठेवलेले. दार साध्या किल्लीने उघडायचे. किल्ल्या दोन. एक झुवेलांच्या ड्रॉवरमध्ये, दुसरी दुरुस्तीवाल्या बेपोच्या कमरेला. वयामुळे सगळे त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणत.

बेपो तळमजल्यावर, हत्यारांच्या खोलीत, दुखरा गुडघा स्टुलावर ठेवून बसला होता. जहाजांच्या गोदीत तीस वर्षे काढून तो इथे दुरुस्तीला आला होता.

"बार्बा, सकाळी कुठे होतात?"

"गच्चीवर. खुर्च्या बांधत होतो, नाहीतर वाऱ्याने त्या इटलीला गेल्या असत्या. दहा ते बारा. चार पोरं होती सोबत, विचार त्यांना. मला मध्येच बसलेला पाहिला असेल तर तेही सांगतील, हरामखोर."

"किल्ली?"

"ही. पँट उतरल्याशिवाय उतरत नाही."

"आणि बत्तीसचं पाणी?"

बंद खोल्यांतले सगळे नळ दर सोमवारी पाच मिनिटे सोडायचे, हा नियम होता. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात आणि जाळीखालची नळी सुकते. न्हाणीघराच्या दारामागे तक्ता असे. बेपोने त्यावर दर सोमवारी सही करायची.

"सोडलं ना. तीनही सोमवार. तक्ता बघ, सही आहे."

"सही आहे हो. चला माझ्याबरोबर."

बत्तीसमध्ये रंगाचा आणि गरम धुळीचा वास होता. ल्येर्का सरळ न्हाणीघरात गेली. तिची खात्री होती की जाळीखाली कोरडे असणार. तिने जाळी उचलली, टॉर्च मारला.

खाली पाणी चमकत होते.

"बघ!" बेपो उभारी धरून म्हणाला. "म्हटलं नव्हतं?"

तीन वाजायला दहा मिनिटे कमी होती. ल्येर्का टबाच्या कडेवर बसली. नळीत पाणी होते, तर वास इथून आला नव्हता. वास इथून आला नव्हता, तर दार कोणी उघडले नव्हते. आणि मग सेन्काखेरीज कोणी उरत नव्हते. बाहेर वारा खिडकीच्या फळ्या हलवत होता. यूगो असला की समुद्र चढतो, गटारातली हवा वर ढकलली जाते, आणि अशा दिवशी कोरडी नळी पाच मिनिटांत अख्खी खोली घाण करते. सगळे जुळत होते. फक्त पाणी जुळत नव्हते.

तिने बेसिनचा थंड नळ उघडला. पाणी स्वच्छ आले. सवयीने तिने गरमही उघडला.

तो दोनदा खोकला आणि गंजाचे तपकिरी पाणी ओकू लागला. टबाचा नळ: तपकिरी. शॉवर: तपकिरी, चहासारखे.

बेपोचे तोंड उतरले.

"तीन आठवड्यांत एकाही नळाला हात लागलेला नाही, बार्बा," ल्येर्का शांतपणे म्हणाली. "एक सोडून. बेसिनचा थंड. तो आज कोणीतरी उघडला."

५

"गुडघा," बेपो म्हणाला.  मग, "बंद खोल्या तीन मजल्यांवर सात आहेत. सामानाची लिफ्ट बंद, पाहुण्यांची आम्हाला चालत नाही. मी सह्या केल्या. खालीच बसून केल्या. झुवेलाला कळलं तर माझी गच्छंती."

"म्हणजे ही नळी सकाळी कोरडी होती."

"हाडासारखी असणार. एवढ्या हिटरमध्ये."

"आणि कोणीतरी आत आलं, वास आला, तेव्हा बेसिनमधून ग्लास भरून जाळीत ओतला. वास बंद. बार्बा, पाहुण्याला हे सुचेल का?"

"पाहुणा? पाहुणा नाक दाबून रिसेप्शनला फोन करतो." बेपो गुडघा चोळत विचारात पडला. "होटेलवाल्यालाच सुचेल. लोरेन्झ की कोण तो, त्याला तर आपल्या घरातही गटार आहे हे माहीत नसेल."

ल्येर्काने पुन्हा टॉर्च मारला. पाणी चमकत होते, पण जरा जास्तच. कडेला हिरवट-सोनेरी कंगोरा होता. तिने तक्त्याच्या कोऱ्या भागातून कागदाची पट्टी फाडली, टोक पाण्यावर टेकवले आणि पट्टी हिटरवर धरली. पाण्याचा डाग मिनिटभरात वाळून गेला. टोकाशी एक डाग राहिला. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता, आणि तो कितीही धरला तरी वाळेना.

"तेल," ती म्हणाली.

"गटारात तेल?" बेपो खरोखर दुखावला. "आमच्याकडे थेंब सांडला तर आई बोटाने पुसून केसांना लावायची. कोण गाढव गटारात तेल ओततो?"

ल्येर्काने पट्टी बाजूला ठेवली. तिने फोन उचलून दुयेला वर बोलावले. दुये पन्नाशीचा, पोट सुटलेला आणि तोंडही.

"शेफित्सा, बोला. मीच चोर आहे असं ठरलं असेल तर बायकोला आधी मी सांगतो, ती खूश होईल."

"एकतीसचा ट्रे कधी उचललास?"

"बाराला. बोळातून."

"तेलाची कुपी?"

"रिकामी!" दुयेचा चेहरा उजळला. "चार दिवसांत पहिल्यांदा. मी किचनमध्ये सांगितलं पण, म्हातारीला शेवटी अक्कल आली म्हणून."

"दहा पन्नासला ती भरलेली होती. सेन्काने पाहिलीय. आणि बाई तेव्हा व्होलोस्कोला."

दुयेने एकदा बेपोकडे पाहिले, एकदा जाळीकडे. 

ल्येर्का सूटमधून सावकाश फिरली. रिकामी खोली कशी सोडायची याचा तिचा स्वतःचा नियम होता आणि बायका तो पाळत: गाद्या उभ्या, फ्रिजचे दार टॉवेल अडकवून उघडे, तिजोरीचे दार सताड. गाद्या उभ्या होत्या. फ्रिज उघडा होता.

कपाटातली तिजोरी बंद होती. बटणांवरची रंगाची बारीक धूळ चार जागी पुसलेली होती.

"बार्बा," ती म्हणाली, "तिजोरीची आपत्कालीन किल्ली तुमच्याकडे असते ना?"

बेपोने कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. "ती उघडायची तर मला सांगावं लागेल की मी इथे का आलो. आणि तक्त्याबद्दलही."

"हो. सांगावं लागेल."

६

पावणेचारला बत्तीस नंबरमध्ये सहा माणसे उभी होती. खुर्च्यांवर रंगाची प्लॅस्टिके होती, त्यामुळे फ्राउ वाल्टनरसुद्धा उभ्याच होत्या. लोरेन्झ त्यांच्या मागे, सेन्का आणि बेपो ल्येर्काशेजारी. झुवेला राजीनाम्याचा कागद हातात घेऊनच आले होते.

"हा काय तमाशा आहे, ल्येर्का?"

"सेन्का चोर असती," ल्येर्का म्हणाली, "तर तिला या दाराची गरजच नसती. ती एकतीसमध्ये होतीच, स्वतःच्या कार्डावर. आतलं दार कोणाला लागतं? ज्याला आपलं कार्ड नोंदीत नको असतं त्याला. आज सकाळी ते दार उघडलं गेलं. बत्तीसमधला वास एकतीसमध्ये गेला. फ्राउ वाल्टनरनी तो घेतलाय."

"भयंकर वास," फ्राउ वाल्टनर म्हणाल्या.

"बत्तीसमध्ये वास येणं शक्य नाही," झुवेला म्हणाले. "दर सोमवारी पाणी सोडतात. बेपोची सही आहे."

 सगळ्यांच्या नजरा बेपोवर गेल्या. त्याने टोपी काढली.

"सह्या खोट्या आहेत," तो म्हणाला. "तीनही. पाणी मी सोडलं नाही. काढायचं तर काढा. नळी कोरडी होती."

"अस्सं! म्हणजे किल्ली तुझ्याकडे, आणि खोटाही तूच—"

"बार्बा दहा ते बारा गच्चीवर होते, चार जणांसमोर," ल्येर्का मध्येच म्हणाली. "आणि एकतीसच्या बाजूची खिट्टी त्यांनी उघडलेली नाही. ते त्या सूटमध्ये गेलेच नाहीत. खिट्टी फ्राउ वाल्टनरनी रविवारी आल्या आल्या लावली होती. काल तुम्ही ती पुन्हा फिरवलीत."

"खात्री करायला!"

"लावलेली खिट्टी फिरवली की ती एकाच बाजूला जाते, साहेब."

फ्राउ वाल्टनरनी मान सावकाश वळवून झुवेलांकडे पाहिले.

"आज बोळात ट्रे होता. ज्याने बत्तीस उघडलं त्याला आत वास आला. पाणी ओतलं. त्याने वास थांबला असता. पण त्याच्या हाताला एक सवय होती. बेटांवरची घरं ऑक्टोबरात बंद होतात ती मे महिन्यात उघडतात. नुसतं पाणी तेवढे दिवस टिकत नाही, उडून जातं. म्हणून वर थोडं तेल सोडतात, ते झाकण बनतं. इथे बारा महिने चालणाऱ्या होटेलात हे कोणी करत नाही. बार्बांनी तर कधी ऐकलेलंही नाही. ऑक्टोबरात घर बंद करायचं काम कोणाकडे असायचं, साहेब? आज दुपारी तुम्हीच सांगितलंत."

झुवेला हसले. "तेल! तेलाच्या थेंबावरून माझ्यावर आळ? मी दोनशे खोल्यांचं होटेल चालवतो. मला एका म्हातारीच्या ब्रोचचं काय करायचंय?"

"म्हातारी इथेच उभी आहे," फ्राउ वाल्टनर म्हणाल्या.

"काही करायचं नव्हतं," ल्येर्का म्हणाली. "म्हणून तर तो होटेलबाहेर गेलेला नाही. तुम्हाला सेन्काची सही हवी होती. सोमवारच्या आत. सही झाली की ब्रोच कुठेतरी सापडणार होता. तसं तुम्ही तिला म्हणालातही." ती कपाटाकडे वळली. "बार्बा."

बेपो लंगडत पुढे आला. तिजोरीच्या पाटीखालचा स्क्रू काढला, किल्ली घातली. झुवेला म्हणाले, "बेपो, विचार कर." बेपोने विचार केला असेल, पण किल्ली फिरवली.

आत एक मोजा होता. मोज्यात ब्रोच.

"माझा मोजा," फ्राउ वाल्टनर म्हणाल्या, आणि का कोण जाणे, ब्रोचपेक्षा त्याचाच त्यांना जास्त संताप आला.

७

झुवेलांना सावरायला फार वेळ लागला नाही. त्यांनी राजीनाम्याचा कागद सगळ्यांसमोर उभा-आडवा फाडला.

"वस्तू मिळाली. कोणाचं नुकसान नाही. तीन दिवस हा वारा, डोकं ठिकाणावर राहत नाही माणसाचं. सेन्का, पहिल्या मजल्याची मुकादम हो सोमवारपासून. बेपो, सह्यांचं मी विसरलो. फ्राउ वाल्टनर, हा मुक्काम आमच्याकडून. इथून बाहेर पडताना आपल्याला काही माहीत नाही. ठीक?"

"पोलीस मला आवडत नाहीत," फ्राउ वाल्टनर पुटपुटल्या. "ते प्रश्न विचारतात." मग त्या सेन्काकडे पाहून थांबल्या. "मी तुला चोर म्हणाले. मोठ्याने म्हणाले."

"हो," सेन्का म्हणाली. "आणि तुम्ही, साहेब. वारा मलाही लागत होता. मी कोणाला चोर म्हटलं नाही."

"तुला काय हवंय ते सांग ना!" झुवेला म्हणाले. "बारा खोल्या? दिल्या बारा."

"त्या अठ्ठावीस जणी मागून घेतील. तुमच्याकडून दान नको."

ती दाराबाहेर पडली. पाहुण्यांच्या लाल गालिच्याच्या जिन्याने, एप्रन आणि लाकडी सपाता घालून, खाली उतरली. ल्येर्का तिच्या मागे, झुवेला ल्येर्काच्या मागे. लॉबीत चारच्या कॉफीची गर्दी होती. सेन्काने रिसेप्शनच्या टेबलावरचा फोन उचलला.

"पोलीस? होटेल लोव्होरमधून बोलतेय. मुयकिच, सेन्का. हो, चोरीचं आहे. नाही, वस्तू सापडली. मॅनेजरने लपवली होती आणि आळ माझ्यावर घातला. साक्षीदार चार. नाही नाही, मीच ती बाई. जिच्यावर आळ घातला ती. तक्रार माझी आहे." तिने ऐकून घेतले. "मागच्या दाराने नको. समोरून या."

 सेन्का लॉबीच्या मधोमध गेली आणि खिडकीजवळच्या मखमली खुर्चीत बसली. ल्येर्का शेजारच्या खुर्चीत बसली.

झुवेला वाकून, दात आवळून म्हणाले, "कर्मचाऱ्यांनी इथे बसायचं नसतं. उठा. दोघीही."

"मी आत्ता कर्मचारी म्हणून बसलेली नाही, साहेब. फिर्यादी म्हणून बसलेय."

दुये खांद्यावर रुमाल टाकून आला. मॅनेजरकडे त्याने पाहिले नाही. "काय आणू, बाईसाहेब?"

"कॉफी," सेन्का म्हणाली. "दूध जास्त. आणि गरम असू दे. त्यांना यायला वेळ लागेल, मी काही उठणार नाही."